यदृच्छा, शिस्त आणि 'मी'चा प्रश्न : जॉन केज यांची मुद्राचित्रे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या पाश्चात्त्य कलावंतांनी आपल्या कलाविचाराचे नाते उघडपणे बौद्ध परंपरेशी जोडले, त्यांमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज (१९१२–१९९२) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे त्यांची एक रचना प्रथम सादर झाली. पियानोवादक डेव्हिड ट्यूडर वाद्यापुढे बसले आणि चार मिनिटे तेहतीस सेकंद त्यांनी एकही स्वर वाजविला नाही. सभागृहात त्या अवधीत जे जे ऐकू आले, तेच संगीत, अशी केज यांची भूमिका होती. या एका प्रसंगाने केज जगप्रसिद्ध झाले; काहींच्या लेखी ते थट्टेचा विषयही झाले. मात्र याच संगीतकाराने वयाच्या पासष्टाव्या वर्षी तांब्याचा पत्रा, सुई आणि आम्ल हाती घेतले व अखेरच्या चौदा-पंधरा वर्षांत मुद्राचित्रांची एक मोठी संपदा निर्माण केली, ही गोष्ट त्या मानाने अल्पज्ञात आहे. प्रस्तुत लेखात या मुद्राचित्रांचा आणि त्यांच्याभोवती जमलेल्या आठवणींचा विचार करावयाचा आहे.

हा विचार केवळ कलारसिकाचा नाही. केज यांच्या चित्रांकडे 'बौद्ध कला' म्हणून बोट दाखविले जाते. ज्यांनी बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या मार्गाने धम्माचा स्वीकार केला, त्यांनी अशा दाव्याकडे आदराने पण डोळसपणे पाहिले पाहिजे. नाणी उडवून चित्राची रेषा ठरविणे हे बुद्धविचाराशी सुसंगत आहे काय? कलेतून 'मी' पुसून टाकणे म्हणजे अनात्मवाद काय? आणि ज्यांना कालपर्यंत 'मी' म्हणण्याचाच अधिकार नव्हता, त्यांनी या कलेकडून काय घ्यावे? हे तीन प्रश्न समोर ठेवूनच पुढील विवेचन केले आहे.

दोन गुरू

केज यांच्या घडणीत दोन आशियाई व्यक्तींचा वाटा मोठा आहे. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई पाश्चात्त्य संगीत शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेल्या होत्या. केज यांनी त्यांना शिकविण्याचे मान्य केले. मोबदला घेतला नाही, मात्र त्यांनी आपल्याला भारतीय संगीत शिकवावे, अशी अट घातली. संगीताचे प्रयोजन काय, या प्रश्नाचे उत्तर गीताबाईंनी आपल्या गुरूकडून ऐकलेले सांगितले. त्याचा आशय असा, की संगीत मनाला संयत आणि शांत करते व त्यायोगे ते दैवी प्रभाव ग्रहण करण्यास योग्य होते. आत्माविष्कार हेच कलेचे प्रयोजन मानणाऱ्या वातावरणात वाढलेल्या केज यांना हा विचार आमूलाग्र वेगळा वाटला व जन्मभर पुरला.

दुसरे गुरू म्हणजे जपानी झेन विचारवंत डी. टी. सुझुकी. १९५०च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांची व्याख्याने होत व केज तेथे श्रोता म्हणून जात. सुझुकी अत्यंत हळू बोलत. वरून विमान गेले की त्यांचे शब्द त्या आवाजात बुडून जात. परंतु त्यांनी कधी आवाज चढविला नाही आणि बुडालेले वाक्य पुन्हा उच्चारलेही नाही, अशी आठवण केज यांनी नोंदवून ठेवली आहे. विमानाचा आवाज हा अडथळा न मानता त्याला व्याख्यानाइतकीच जागा देण्याची ही वृत्ती केज यांच्या पुढील सर्व निर्मितीत दिसते.

येथे एक गोष्ट सहज नमूद करावीशी वाटते. ज्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी त्यांना एल्एल.डी. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. बौद्ध विचार पश्चिमेच्या कलावंतांपर्यंत ज्या वास्तूतून पोहोचत होता, त्याच वास्तूच्या परिसरात, त्याच सुमारास, भारतातील धम्मक्रांतीचे प्रवर्तकही येऊन गेले. या योगायोगातून कोणताही सिद्धान्त काढू नये. परंतु एकाच तथागताच्या विचाराचे दोन किती भिन्न प्रवाह एका शतकात वाहत होते, याची जाणीव त्यातून अवश्य होते. एका प्रवाहाने मौनाचा अर्थ शोधला, दुसऱ्याने मुक्यांना वाचा दिली.

संगीतकार मुद्रणशाळेत

केज तरुणपणी चित्रे काढीत. परंतु थोर संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांच्याकडे शिकत असताना 'आयुष्य संगीताला वाहीन' असे वचन त्यांनी दिले होते व ते पाळण्यासाठी चित्रकला बाजूला ठेवली होती. १९६९ साली, मार्सेल द्युशाँ या कलावंत मित्राच्या निधनानंतर, त्यांच्या स्मरणार्थ केज यांनी पारदर्शक पट्ट्यांवर अक्षरे छापलेली एक कलाकृती केली. पण मुद्राचित्रणाला खरा आरंभ झाला तो १९७८च्या जानेवारीत. कॅलिफोर्नियातील ऑकलंड येथे कॅथन ब्राऊन यांची 'क्राऊन पॉइंट प्रेस' ही एचिंगची मुद्रणशाळा होती. ब्राऊन यांनी ती १९६२ साली स्थापन केली होती. त्यांनी केज यांना एचिंग करण्यासाठी निमंत्रण धाडले.

हे निमंत्रण आपण तत्काळ का स्वीकारले, याचे कारण केज मोठ्या गमतीने सांगत. पूर्वी एकदा त्यांना हिमालयात प्रवासाला येण्याचे निमंत्रण आले होते. हाती दुसरे काम होते, म्हणून त्यांनी ते नाकारले आणि त्याची रुखरुख त्यांना कायम लागून राहिली. तेव्हा पुन्हा अशी चूक करावयाची नाही, असे त्यांनी ठरविले. एचिंगचे एकही तंत्र ठाऊक नसलेला हा पासष्ट वर्षांचा विद्यार्थी त्यानंतर १९९२ पर्यंत जवळजवळ दर वर्षी काही दिवस त्या मुद्रणशाळेत येत राहिला.

पहिल्याच भेटीतील एका चित्रमालेचे नाव 'सात दिवसांची रोजनिशी' असे असून तिचे उपशीर्षक 'न जाणणे' असे आहे. दर दिवशी एक-दोन नवी तंत्रे शिकावयाची आणि पत्र्याकडे न पाहता त्यावर खुणा करावयाच्या, असा क्रम त्यांनी ठेवला. सात दिवसांची सात छोटी चित्रे पाहिली असता पहिल्या दिवशीच्या काही ओरखड्यांपासून अखेरच्या दिवसाच्या गुंतागुंतीपर्यंतचा प्रवास दिसतो. नामवंत कलावंताने आपले अज्ञान लपविण्याऐवजी त्यालाच विषय करावे, हे धैर्य सामान्य नव्हे. ज्ञानाचा अहंकार जसा असतो, तसा कौशल्याचाही असतो. तो प्रथम उतरवून ठेवावा लागतो.

एचिंगची पद्धत थोडक्यात सांगावयाची तर अशी : तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने त्यावर रेषा काढतात आणि पत्रा आम्लात बुडवितात. जेथे थर निघाला तेथे आम्ल धातू खाते. त्या खाचांत शाई भरून ओलसर कागदासह पत्रा दाबयंत्रातून काढला की चित्र उमटते. ड्रायपॉइंट या प्रकारात आम्ल नसते, सुईने थेट धातू कोरतात. या कलेचे मूळ प्रयोजनच एका पत्र्यावरून अनेक समान प्रती काढणे हे आहे. केज यांनी नेमके तेच नाकारले. १९७९ ते १९८२ या काळात पूर्ण झालेल्या 'परिवर्तने आणि लोप' या मालेत पस्तीस चित्रे आहेत. पत्र्यांचे वेडेवाकडे लहान तुकडे करून ते प्रत्येक चित्रासाठी पुन्हा नव्याने मांडले जात. कोणता तुकडा, कोठे, कोणत्या रंगात, हे सारे यदृच्छेने ठरे. एका चित्रात आलेल्या खुणा पुढच्या चित्रात राहत, बदलत किंवा नाहीशा होत. पुनरुक्तीसाठी जन्मलेल्या माध्यमात त्यांनी अनित्यता आणली, असे म्हणता येईल.

या ठिकाणी श्रमाचा प्रश्नही उपस्थित होतो आणि आपल्या वाचकांनी तो विचारलाच पाहिजे. नाणी टाकणे सोपे; पण त्यातून निघालेली आज्ञा अमलात आणण्यासाठी अनेक तुकड्यांना वेगवेगळी शाई लावून ते अचूक जागी ठेवणारे हात मुद्रकांचे होते. एका मालेला तीन वर्षे लागली, ती या श्रमांमुळेच. कल्पना उच्च आणि हातकाम हीन ही श्रेणी आपल्या समाजाने जातीच्या रूपाने भोगली आहे. केज यांच्याबाबतीत एवढे म्हणता येते, की ते आदेश देऊन निघून जाणारे नव्हते. ते मुद्रणशाळेतच काम करीत, मुद्रकांकडून शिकत आणि त्यांनी काय शक्य आहे असे सांगितले, त्यावरच पुढचे प्रश्न बेतीत. तरीही चित्रावर सही एकाचीच राहते. 'मी' पुसू पाहणाऱ्या कलेतील हा न पुसलेला 'मी' नजरेआड करता येत नाही.

पंधरा दगड

क्योटो येथील र्योआनजी या झेन विहाराच्या प्रांगणात एक आयताकृती बाग आहे. तीत झाडे नाहीत. फणीसारख्या अवजाराने रेषा ओढलेली पांढरी खडी आहे आणि शेवाळाच्या काठाने वेढलेले पंधरा दगड आहेत. सज्जावर कोठेही बसले तरी किमान एक दगड दृष्टीआड राहतो, असे या बागेविषयी सांगतात. १९६२ साली केज यांनी ही बाग पाहिली. दगडांच्या मांडणीत कोणते गूढ प्रमाण आहे, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. केज यांचे मत निराळे होते. खडीचे रितेपण असे आहे, की त्यात कोणत्याही बिंदूवर दगड ठेवले तरी ते सामावून घेतले जातील, असे त्यांना वाटले. गूढतेपुढे हात जोडणाऱ्या भाष्यकारांच्या तुलनेत हे मत अधिक मोकळे आणि, आमच्या दृष्टीने, अधिक विवेकी आहे.

वीस-एकवीस वर्षांनी, १९८३ साली, या आठवणीतून 'जेथे आर म्हणजे र्योआनजी' ही ड्रायपॉइंट चित्रे निर्माण झाली. 'आर' या अक्षराची किंमत पंधरा. केज यांनी पंधरा दगड निवडले. कागदावर त्यांची जागा यदृच्छेने ठरवावयाची आणि दगड पत्र्यावर ठेवून त्याच्या कडेने सुई फिरवावयाची, एवढीच कृती. मात्र एका चित्रात ती 'आर'च्या घनाइतक्या वेळा, म्हणजे १५ × १५ × १५ = ३३७५ वेळा करावयाची होती! त्या चित्रात एकही दगड स्वतंत्रपणे ओळखू येत नाही. वर्तुळांवर वर्तुळे चढून एक दाट, थरथरते जाळे तयार झाले आहे. दुरून पाहता ते धुके वाटते, जवळ गेल्यावर प्रत्येक रेषा वेगळी जाणवते. ड्रायपॉइंटच्या सुईने धातूची जी बारीक कड उचलली जाते, तिच्यात शाई अडकून रेषेला मऊ छाया येते. हजारो छाया एकत्र आल्या की धातूच्या कठोर पत्र्यातून लोकरीसारखा पोत उमटतो.

आमच्या मते केज यांच्या समग्र दृश्यकलेतील हे सर्वश्रेष्ठ चित्र आहे. येथे यदृच्छा आहे. परंतु तिच्याहून मोठी गोष्ट आहे ती म्हणजे पुनःपुन्हा तेच काम तितक्याच अवधानाने करणे. केज यांनी झेनचा स्वीकार केला, पण ते ध्यानासाठी मांडी घालून बसत नसत. आपली शिस्त आपल्या कामातच आहे, असे ते मानीत. ३३७५ वेळा दगडाभोवती हात फिरविणे ही शिस्त कोणत्या आसनाहून उणी आहे? पुढे मृत्यूपर्यंत त्यांनी याच दगडांभोवती वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली फिरवून दीडशेहून अधिक रेखाटने केली. याच नावाची एक संगीतरचनाही झाली. तीत दगडांच्या कडा हेच स्वरांच्या चढउताराचे आलेख बनले. १९८८ साली व्हर्जिनियात, चित्रकार रे कॅस यांच्या निमंत्रणावरून, त्यांनी न्यू रिव्हर या नदीच्या पात्रातील दगड घेऊन जलरंगातही हाच प्रयोग केला. त्यात पिसांचाही कुंचल्यासारखा वापर केला.

अग्नी

१९८५च्या सुमारास मुद्रणशाळेत आणखी एक घटक आला, तो म्हणजे अग्नी. दाबयंत्राच्या पाटावर वर्तमानपत्रे पेटवावयाची, ज्वाळांवर ओला कागद टाकावयाचा आणि यंत्र फिरवून आग विझवावयाची. कागदावर धुराचे पिवळे-तपकिरी डाग पडत, कोठे जळक्या कागदाचे अवशेष चिकटत, तर कोठे बातमीची उलटी अक्षरे उमटत. मग तापविलेल्या लोखंडी जपानी चहादाणीने त्यावर वर्तुळाकार डाग दिला जाई. १९८६ सालच्या 'एनिन्का' या मालेत पन्नास चित्रे आहेत. वर्तुळ, शिक्का आणि अग्नी या तीन अर्थांच्या जपानी शब्दांची ती संधी आहे. १९८९ सालच्या 'पंच्याहत्तर दगड' या मोठ्या चित्रात धुराने रंगलेल्या कागदावर दगडांच्या रंगीत कडा येतात आणि दोन्ही प्रवाह एकत्र मिळतात.

बौद्ध वाचकाला येथे गयासीस पर्वतावरील आदित्तपरियाय सुत्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. डोळा जळतो आहे, रूप जळते आहे, राग, द्वेष आणि मोह यांच्या अग्नीने सारे जळते आहे, असा त्या उपदेशाचा आशय. परंतु समीक्षकाने येथे थांबले पाहिजे. केज यांनी ही चित्रे त्या सुत्तावर काढली, असे म्हणण्यास आधार नाही. आणि आपल्याला प्रिय असलेला अर्थ दुसऱ्याच्या कृतीवर लादणे ही प्रामाणिक समीक्षा नव्हे. चित्र जे दाखविते तेवढेच म्हणावे : आग पेटली, विझली आणि विझण्याची खूण राहिली. 'निब्बान' या शब्दाचा मूळ अर्थ विझणे असा आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो या कागदांपुढे थोडा अधिक वेळ उभा राहील, इतकेच.

यदृच्छा आणि प्रतीत्यसमुत्पाद

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. केज आपले निर्णय 'यी-जिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाच्या साहाय्याने घेत. तीन नाणी सहा वेळा टाकली की चौसष्टपैकी एक आकृती मिळते. हा ग्रंथ मुळात शकुन पाहण्याचा. भगवान बुद्धांनी भिक्खूंना ज्या मिथ्या उपजीविका वर्ज्य केल्या, त्यांत शकुन आणि भविष्यकथन यांचा स्पष्ट उल्लेख दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात आहे. त्याच सुत्तातील बासष्ट मिथ्यादृष्टींमध्ये, जग अकारण उत्पन्न झाले असे मानणाऱ्या अधिच्चसमुप्पन्निकांची दृष्टीही आहे. धम्म कार्यकारणभाव सांगतो. 'हे असेल तर ते होते' हे प्रतीत्यसमुत्पादाचे सूत्र आहे. मग यदृच्छेच्या कलावंताला बौद्ध कसे म्हणावे?

याचे उत्तर केज यांच्या कार्यपद्धतीतच सापडते. ते नाण्यांना भविष्य विचारीत नव्हते. त्यांना हव्या होत्या त्या केवळ स्वतःच्या आवडीने न ठरलेल्या संख्या. पुढे तर संगणकाने छापून दिलेल्या संख्यांचे कागदच ते वापरू लागले. यावरून त्या ग्रंथाची गूढता त्यांच्या कामापुरती गळून पडली होती, हे उघड होते. जग यदृच्छेने चालते, हा त्यांचा सिद्धान्त नव्हता. 'मला हे आवडते, ते आवडत नाही' या सवयीतून हात सोडविण्याचे ते एक साधन होते. आवडीनिवडीच्या मुळाशी तृष्णा आहे, एवढे मान्य केले तर हे साधन धम्माच्या विरोधी ठरत नाही.

त्याहून महत्त्वाचे असे, की यदृच्छा उत्तरे देते, प्रश्न देत नाही. किती पत्रे? किती रंग? कोणते तंत्र? क्षितिजरेषा कोठे? हे प्रश्न केज स्वतः तयार करीत आणि आपली जबाबदारी निवड करण्याऐवजी प्रश्न विचारण्याची आहे, असे सांगत. प्रश्न उथळ असला तर यदृच्छेचे उत्तरही उथळच येणार. मिळालेले चित्र आवडले नाही, तर ते टाकून देण्याऐवजी आपला प्रश्न तपासावा, असा याचा अर्थ होतो. कालाम सुत्तात ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर अथवा ग्रंथप्रामाण्यावर विसंबू नका, असे तथागत सांगतात. बाबासाहेबांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची प्रस्तावनाही चार प्रश्न मांडूनच सुरू होते, हे वाचकांना ज्ञात आहेच. केज आणि बाबासाहेब यांचे प्रश्न एका पातळीवरचे आहेत, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. एक चित्राचे प्रश्न आहेत, दुसरे मानवमुक्तीचे. परंतु प्रश्नालाच नैतिक कृती मानण्याची वृत्ती दोहोंत आहे आणि तेवढ्यापुरते हे नाते खरे आहे.

'मी' कोणाचा?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. केज कलेतून व्यक्तिमत्त्व, स्मृती आणि भावना दूर सारू इच्छीत होते. या भूमिकेवर दोन गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. मोइरा रॉथ या कला-इतिहासकार विदुषीने १९७७ साली असे प्रतिपादन केले, की मॅकार्थीच्या दडपशाहीच्या काळात केज आणि त्यांच्या वर्तुळातील कलावंतांनी उदासीनतेचे सौंदर्यशास्त्र जोपासले. दुसरा आक्षेप आफ्रिकन-अमेरिकन संगीतकार व अभ्यासक जॉर्ज लुइस यांचा, १९९६ सालचा. ज्यांचा इतिहासच पुसला गेला, त्या कृष्णवर्णीय संगीतकारांसाठी स्वतःचा आवाज, स्वतःची स्मृती आणि स्वतःची कहाणी हाच संगीताचा प्राण आहे. 'मी' विसरा, हा उपदेश त्यांना लागू होत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

हा दुसरा आक्षेप आपल्याला आतून कळतो. केज ऑकलंडमध्ये 'न जाणणे' ही मालिका करीत होते त्या १९७८ सालीच दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. मराठी साहित्यात त्या ग्रंथाने आणि त्यानंतरच्या आत्मकथनांनी जो 'मी' उभा केला, तो अहंकाराचा 'मी' नव्हता. गावकुसाबाहेर ढकललेल्या माणसाची ती पहिली नोंद होती. जो 'मी' अद्याप कोणी मान्यच केलेला नाही, तो सोडा असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

पण येथे केज यांच्यावर अन्याय होऊ नये, म्हणून दोन गोष्टी नोंदविणे आवश्यक आहे. एक : १९७५ सालच्या 'हवामानावरील व्याख्यान' या रचनेत त्यांनी थोरोचे लेखन वापरले आणि ते सादर करणारे शक्यतो अमेरिका सोडून कॅनडाचे नागरिक झालेले पुरुष असावेत, अशी इच्छा दर्शविली. व्हिएतनाम युद्ध नुकतेच संपले होते. या इच्छेचा अर्थ श्रोत्यांना सांगावा लागला नसेल. गुलामगिरी आणि मेक्सिकोवरील युद्ध यांच्या निषेधार्थ कर नाकारणारा थोरो त्यांच्या मुद्राचित्रांतही त्याच्या रोजनिशीतील छोट्या रेखाटनांच्या रूपाने वारंवार येतो. दोन : केज आणि नृत्यकार मर्स कनिंगहॅम हे आयुष्याचे सहचर होते, आणि समलिंगी माणसाने स्वतःविषयी उघड बोलणे हाच ज्या देशात धोका होता, तेथे केज यांचे मौन हाही प्रतिकाराचा एक प्रकार होता, असे जोनाथन कॅट्झ या अभ्यासकाने दाखवून दिले आहे. म्हणजे त्यांचा 'मी'ही पूर्णतः निर्धास्त नव्हता.

तरीही निष्कर्ष बदलत नाही. अनात्मवाद म्हणजे व्यक्तीचा लोप, हे समीकरण चुकीचे आहे. बाबासाहेबांनी आत्मा नाकारला. परंतु चित्ताला धम्माच्या केंद्रस्थानी ठेवले आणि कर्माची नैतिक जबाबदारी माणसावरच ठेवली. आत्मा नाही म्हणून कर्ता नाही आणि कर्ता नाही म्हणून जबाबदार कोणी नाही, ही पळवाट त्यांनी बंद केली. झेनच्या नावाने हीच पळवाट किती दूर जाऊ शकते, हे ब्रायन व्हिक्टोरिया यांच्या १९९७ सालच्या 'झेन ॲट वॉर' या ग्रंथाने दाखविले आहे; जपानी साम्राज्यवादाला साथ देणाऱ्या झेन आचार्यांची त्यातील चर्चा सुझुकींनाही वगळत नाही. केज यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की आपल्या कृतीचा दोष झेनला देऊ नये, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या कर्माचे उत्तरदायित्व घेणारे हे वाक्य त्यांच्या कोणत्याही यदृच्छेहून अधिक बौद्ध आहे.

आठवणींचे मोल

कॅथन ब्राऊन यांनी २००० साली केज यांच्या दृश्यकलेवर पुस्तक प्रसिद्ध केले. मुद्रणशाळेतील सहवासाच्या आठवणी हा त्याचा गाभा आहे. पथ्याचे जेवण स्वतः रांधणारे, अळंब्यांचे जाणकार, सतत हसणारे, अपेक्षेविरुद्ध काही छापले गेले तर कुतूहलाने पाहणारे केज त्यातून समोर येतात. अशा आठवणी सहज भक्तीत घसरतात. ब्राऊन यांचे वैशिष्ट्य हे, की त्या कामाजवळ राहतात : कोणता कागद, कोणते आम्ल, कोणता प्रश्न. ज्या कलावंताने आठवणींना कलेत जागा नाकारली, त्याची कला समजण्यासाठी मात्र आठवणींवाचून गत्यंतर नाही, हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. कारण चित्रावर फक्त निकाल उरतो. तो निकाल स्वीकारताना माणूस कसा वागला, हे चित्र सांगत नाही. ती साक्ष सोबत काम करणाऱ्यांचीच.

या पुस्तकाच्या नावात ब्राऊन यांनी गीता साराभाईंचेच शब्द घेतले आहेत. पण फक्त पूर्वार्ध, मन संयत व शांत करणे, एवढाच. दैवी प्रभावांचा उत्तरार्ध मुखपृष्ठावर आलेला नाही. हे हेतुतः झाले की जागेअभावी, याचा तर्क करण्याचे कारण नाही. आपल्यापुरते मात्र हे अर्धे वाक्यच पूर्ण आहे. चित्त शांत करावयाचे ते देवाला वाट करून देण्यासाठी नव्हे. समोरचे वास्तव, समोरचा माणूस आणि त्याचे दुःख स्पष्ट दिसावे, यासाठी.

केज यांची मुद्राचित्रे आपल्याला दुसऱ्या पायरीपर्यंत नेत नाहीत. दगडापाशी, धुरापाशी, ओल्या कागदापाशी थांबतात. ही त्यांची मर्यादा आहे आणि ती मान्य करूनच त्यांचा आदर करावा. पण पहिली पायरी त्यांनी विलक्षण निष्ठेने चढली. आज आंबेडकरी चळवळीतील तरुण चित्रकारांपुढे प्रतिमांची कमतरता नाही. बोधिवृक्ष, अशोकचक्र, निळे आकाश या प्रतिमा त्यांच्या हक्काच्या आहेत. परंतु प्रतिमा आयती मिळाली की हात प्रश्न विचारणे सोडतो. एका साध्या दगडाभोवती ३३७५ वेळा, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच फिरवावी तशी सुई फिरविणारा तो वृद्ध हात त्यांनी पाहावा. त्याची मते घ्यावीत असे नाही. त्याचे अवधान जरूर घ्यावे, आणि ते आपल्या प्रश्नांकडे वळवावे.